कोऱ्या दोराच्या गाठी

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

हे तुमच्या आईकडून वाचून घ्या. तुम्हाला मराठी अक्षरं ओळखू येतात, पण ओळ संपेपर्यंत तुम्ही दमता, हे मला ठाऊक आहे. वाचताना तिने एकही वाक्य गाळायचं नाही, असं माझ्या वतीने तिला बजावा. सौम्य करून सांगायची तिला सवय आहे.

आत्ता लिहायला बसले त्याला कारण आहे. मोठीने अकरावीत असतानाच एका प्रयोगशाळेत इंटर्नशिप धरली, याचा मला आनंद झाला. तिथून तिला मिळालेला दोन पानी कागद तिने मला फोनवर पाठवला. शाळकरी मुलांकडून काय अपेक्षा आहेत आणि त्यांच्या जबाबदाऱ्या कोणत्या, याची ती यादी होती. वेळेवर यावं, नीटनेटके कपडे घालावेत, फोन बाजूला ठेवावा, वरिष्ठांच्या सूचना पाळाव्यात. मी ती दोनदा वाचली. सगळ्या जबाबदाऱ्या मुलांच्या. तिथल्या मोठ्या माणसांनी कसं वागावं याबद्दल दोन पानांत एक ओळ नाही.

मग मागच्या रविवारी बोलता बोलता ती म्हणाली, तिने घेतलेल्या नोंदींतल्या दोन ओळी तिच्या साहेबांनी काढून टाकायला सांगितल्या आणि तिने काढल्या. अगदी सहज सांगितलं. फोन ठेवल्यावर माझा चहा समोर तसाच निवून गेला.

मीही एकदा अशीच ओळ काढली होती. ती कशी काढली, तिचं काय झालं आणि मी त्याची वसुली कशी केली, हे क्रमाने सांगते.

तुम्ही लहान असताना आपण इथे बुऱ्हाणपुरात लालबागेकडे गेलो होतो ते आठवतं का? जमिनीत गोल तोंडाच्या खोल विहिरी, एकीपासून दुसरी थोड्या अंतरावर, आणि खालून सगळ्या बोगद्याने जोडलेल्या. धाकट्याने एका विहिरीत वाकून आपलं नाव ओरडलं होतं. त्यांना आम्ही कुंड्या म्हणतो. सातपुड्यातून झिरपलेलं पाणी त्या बोगद्यातून शेकडो वर्षं गावाकडे येत आलं आहे. माझ्या लहानपणी ते नुसतं पाहायला जायची जागा नव्हती. ते आमचं प्यायचं पाणी होतं.

मी मॅट्रिकच्या वर्गात गेले तेव्हा नवीन राज्य झालं होतं. आमची राजधानी नागपूर होती, ती भोपाळ झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही बुऱ्हाणपूरची मराठी माणसं मध्य प्रदेशात राहिलो. घरात यावर फार चर्चा व्हायच्या, पण पाण्याच्या ऑफिसात त्याचा अर्थ एवढाच होता की सगळी जुनी मापं पुन्हा घेऊन, स्वच्छ इंग्रजीत लिहून नव्या राजधानीला पाठवायची. ऑफिसात अक्षर चांगलं असणारं कोणी नव्हतं. त्यांनी आमच्या मुलींच्या शाळेकडे सुट्टीपुरता एक उमेदवार मागितला. इंटर्नशिप हा शब्द तेव्हा नव्हता, उमेदवारी म्हणत.

मोठ्या बाईंनी माझं नाव दिलं. माझे वडील मुलांच्या हायस्कुलात मास्तर होते, म्हणून त्यांनी हो म्हटलं. आईने नाही म्हटलं, पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

जायच्या आदल्या दिवशी बाईंनी मला स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद दिला. सात सूचना होत्या. सगळ्या सांगत नाही. तिसरी अशी: वरिष्ठ सांगतील ते काम तक्रार न करता करावे. पाचवी अशी: जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तेच लिहावे, आणि एकदा लिहिलेले काढू नये. बाईंनी मला कागद मोठ्याने वाचायला लावला आणि सांगितलं की काम नीट झालं, ऑफिसचा चांगला दाखला मिळाला, तर सायन्स कॉलेजात मुलींसाठी असलेल्या एका जागेसाठी त्या माझी शिफारस करतील. आमच्या शाळेतून तोवर कोणतीही मुलगी सायन्सला गेली नव्हती. मला दुसरं काहीच नको होतं. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मी परीक्षानळीची चित्रं काढत असे.

ऑफिसचे ओव्हरसियर साहेब डिप्लोमा घेऊन नुकतेच आमच्या गावी बदलून आले होते. वय तिशीचं, पॅंटला इस्त्री, खिशात दोन पेनं. मला ते 'मिस साहेब' म्हणायचे आणि म्हणताना समोरच्या कारकुनाकडे बघायचे. कुंड्यांत उतरून गाळ काढणारे एक म्हातारे काका होते, त्यांचे वडीलही तेच काम करायचे. मोजणी आम्ही दोघं करायचो, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. दोराच्या टोकाला दगड बांधून तो कुंडीत सोडायचा. दगड पाण्याला टेकल्याचा आवाज काका ऐकायचे आणि हात वर करायचे. तेव्हा कुंडीच्या काठावर कितवी गाठ आली ते मी लिहायचं. एका फुटाला एक गाठ आणि दर दहा गाठींना लाल चिंधी.

जुना दोर कुजला होता. साहेबांनी निंबोल्याहून नवा मागवला. तिकडचे शेतकरी कपाशीच्या कडेने अंबाडी लावायचे आणि तिचे दोर वळायचे. दोर सकाळी आला, आणि साहेबांनी मला शाळेची फूटपट्टी घेऊन लगेच गाठी मारायला सांगितलं. काका दारातच थांबले.

"साहेब, रस्सी कोरी हाय," ते म्हणाले. "दोन दिवस पाण्यात टाका, दगड बांधून लटकवा, मंग गाठी मारा. भिजली की आखडते ती. नाप खोटं येईल."

"काका, तुम्ही कुंडीत उतरायचं," साहेब म्हणाले. "डोकं चालवायला सरकारने मला ठेवलंय. मिस साहेब, मारा गाठी."

कारकून हसला. मी साठ गाठी मारल्या. माझी बोटं सोलून निघाली, तरी एकही गाठ इकडची तिकडे झाली नाही, हे मी आजही छाती ठोकून सांगेन.

काय झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. पहिल्या दोन कुंड्यांतच दोर त्यांच्या ठिबकत्या भिंतींना घासून चिंब झाला आणि आखडला. गाठी जवळ आल्या. जिथे पाणी बावन्न फुटांवर होतं तिथे काठावर पंचावन्नावी गाठ आली. म्हणजे कागदावर पाणी तीन फूट खाली गेलं. काका प्रत्येक कुंडीवर मान हलवत होते. मी आकडे लिहिले, आणि रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात, जिथे शेरा लिहायचा असतो, तिथे इंग्रजीत लिहिलं: नवा दोर, न भिजवता गाठी मारल्या आहेत, मापं जास्त येत असण्याची शक्यता.

साहेबांनी ते वाचलं. ते चिडले नाहीत. त्यांनी नवी कोरी पानं माझ्यापुढे ठेवली आणि सगळं पुन्हा स्वच्छ उतरून काढायला सांगितलं, शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवून.

"शेरा लिहायचा अधिकार माझा," ते म्हणाले. "तुमचं काम आकडे."

मी घरी जाऊन बाईंचा कागद काढला. तिसरी सूचना वाचली, पाचवी वाचली. दोन्ही एकदम पाळता येत नव्हत्या. मी तिसरी पाळली, कारण मला दाखला हवा होता. दुसऱ्या दिवशी सुंदर अक्षरात पानं उतरवली, रकाना रिकामा ठेवला. पहिली पानं साहेबांनी आपल्या टेबलाच्या खणात टाकली. ती नंतर कोणालाही दिसली नाहीत.

हे आकडे भोपाळला गेले. साहेबांनी वर एक घाबरं पत्रही जोडलं आणि उत्तर यायच्या आधीच आपला तत्परपणा दाखवायला सिंधीपुऱ्याचं पाणी एक दिवसाआड केलं. मे महिना होता. आणि आमचं घर सिंधीपुऱ्यात होतं.

आई आणि शेजारच्या बायका राजघाटावरून तापीचं पाणी आणू लागल्या. आकडे मास्तरांच्या मुलीने लिहिले ही बातमी ऑफिसातून गल्लीत यायला एक दिवसही लागला नाही. समोरच्या काकू घागर कमरेवर घेऊन आमच्या दारात थांबल्या आणि आईला म्हणाल्या, "काय हो मास्तरीणबाई, तुमच्या लेकीनं पाणी संपलं असं इंग्रजीत लिहून दिलं म्हणे. मग आता आंघोळी पण इंग्रजीतच करायच्या का?" सगळ्या हसल्या. आई हसली नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि त्या दोन दिवसांत तिने घाटावर किती खेपा केल्या ते मी खिडकीतून मोजत होते.

पंधरवड्याने भोपाळहून मोठे इंजिनियर आले. त्यांच्याकडे पोलादी फीत होती. त्यांनी तीन कुंड्या मोजल्या. पाणी गेल्या वर्षीइतकंच होतं. ऑफिसात परत आल्यावर त्यांनी हा घोळ कसा झाला असं विचारलं. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. शाळेतली मुलगी आहे, ते म्हणाले, तिने नोंदी घेतल्या, लक्ष नसावं.

मी दोराबद्दल सांगायला लागले. इंजिनियरांनी रजिस्टर उघडलं. माझं अक्षर, माझे आकडे आणि शेऱ्याचा रिकामा रकाना. त्यांनी काकांना विचारलं, दोर भिजवला होता का. काकांनी खाली बघितलं. "मला लिहिता-वाचता येत नाही, साहेब," एवढंच ते म्हणाले. त्यांनी विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं, पण इंजिनियरांना जेवायला जायचं होतं.

सिंधीपुऱ्याचं पाणी त्याच संध्याकाळी सुरू झालं. मला आठवड्याने दाखला मिळाला. त्यात वर्तणूक चांगली, हजेरी नियमित असं लिहून खाली शेऱ्याच्या जागी एक ओळ होती: नोंदी निष्काळजी असतात, आकड्यांवर विसंबता येत नाही. खाली त्यांची सही, लांब शेपटीची. बाईंनी तरीही माझा अर्ज पाठवला, सोबत स्वतःचं पत्र जोडलं. कॉलेजने दाखल्यातली ती ओळच उत्तरात उतरवून पाठवली. ती जागा खांडव्याच्या एका मुलीला मिळाली. तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

मी घरी बसून इंग्रजी घेऊन परीक्षा दिल्या आणि आमच्याच शाळेत शिक्षिका झाले. लोक म्हणतात तुमचं इंग्रजी किती छान. त्याचं कारण हे आहे.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी म्हातारे काका आमच्या दारात आले. हातात पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते म्हणाले, "साहेबांनी जाळायला सांगितली व्हती, माय. मी नाही जाळली." तो दोर होता, चिंध्यांसकट. मी त्यांना पाणी दिलं, बसा म्हटलं नाही. त्या वेळी माझ्या मनात साहेबांनंतर दुसरा नंबर त्यांचाच होता. पुढे तो राग गेला, कारण त्यांना घरी खाणारी सात तोंडं होती आणि साहेबांना एकही नव्हतं. पण त्या दिवशी मी त्यांना उभंच ठेवलं, हे खरं आहे, म्हणून लिहिते.

आणखी वर्षभराने साहेबांना बढती मिळाली, भोपाळला. गावाने निरोप समारंभ ठरवला. ऑफिसजवळ हॉल नव्हता म्हणून तो आमच्या शाळेच्या हॉलमध्ये होता, आणि हॉल शाळेचा म्हणून शेवटी आभार मानायचं काम शाळेकडे आलं. मी तेव्हा अजून शिक्षिका झाले नव्हते, तरी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. टेबलावरचे कागद सरळ करत त्या म्हणाल्या, "आभार मानायला कोणीतरी हवं आहे. तू नीट मानशील." त्यांनी मान वर केली नाही. मला काही विचारायची गरज पडली नाही.

मी निंबोल्याहून नवा दोर मागवला. वीस फुटांवर दोन्ही टोकांना गाठ मारली, कोऱ्यावरच, फूटपट्टीने मोजून. शाळेच्या शिपायाकडून पाण्याची बादली मागून घेतली आणि स्टेजच्या कडेला ठेवली. हारांसाठी असेल असं सगळ्यांना वाटलं.

शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली. साहेब कसे तत्पर आणि काटेकोर आहेत हे चौघांनी सांगितलं. सिंधीपुऱ्याचे बरेच लोक आले होते, कारण पेढे होते. मग माझं नाव पुकारलं.

मी सांगितलं की मी साहेबांच्या हाताखाली उमेदवारी केलेली पहिली मुलगी आहे, आणि त्यांनी मला शिकवलेलं काम लोकांना दाखवल्याशिवाय आभार पुरे होणार नाहीत. अध्यक्ष गावातले म्हातारे डॉक्टर होते. त्यांना मी दोराचं एक टोक धरायला दिलं, दुसरं मी धरलं, आणि स्टेजच्या लाकडी कडेवर दोन्ही टोकांना खडूने रेघा मारल्या. मग दोर बादलीत टाकला आणि आभार मानायला सुरुवात केली.

असे आभार आमच्या गावात कोणी मानले नसतील. अध्यक्षांचे मानले, हारवाल्यांचे मानले, सतरंजी घालणाऱ्यांचे, लाउडस्पीकरवाल्याचे, लाउडस्पीकरवाल्याच्या भावाचे. लोक चुळबुळ करायला लागले. दोर भिजायला वेळ हवा होता. मी सिंधीपुऱ्याच्या बायकांचे आभार मानले, ज्यांनी एका मे महिन्यात राजघाटावरून पाणी वाहिलं. तिथे मागच्या रांगेतल्या बायका पुढे वाकल्या. साहेब बादलीकडे बघत होते. काय चाललंय हे हॉलमध्ये सगळ्यांत आधी त्यांना कळलं होतं.

मी दोर काढला, पुन्हा एक टोक डॉक्टरांच्या हातात दिलं, त्यांच्या रेघेवर. दुसरं टोक माझ्या रेघेपर्यंत पोचलं नाही. फुटाहून थोडं जास्तच कमी पडलं. डॉक्टरांनी ओढून पाहिलं, मी ओढून पाहिलं. पाणी स्टेजवर ठिबकत होतं.

"साहेबांनी मला कोऱ्या दोरावर गाठी मारायला सांगितलं," मी म्हणाले. "काकांनी नको म्हटलं होतं. मी ते लिहिलं होतं, ते साहेबांनी काढायला लावलं. आभारी आहे."

मागच्या रांगेतून समोरच्या काकूंचा आवाज आला, "म्हणजे चूक मास्तरांच्या पोरीची नव्हतीच तर!" आणि मग हॉल हसला. साहेबांसाठी आणलेला पेढ्यांचा पुडा टेबलावरच राहिला.

बढती काही थांबली नाही. ते भोपाळला गेले. पण त्या दिवसापासून बुऱ्हाणपुरात त्यांचं नाव रस्सीसाहेब झालं. पुढे ते निवृत्त होऊन इथेच राहायला आले, बायकोचं माहेर इथलं होतं म्हणून. बाजारात दोर विकणारे त्यांना हाक मारून विचारायचे, साहेब, भिजवलेली देऊ का कोरी? माझ्या वर्गातल्या मुलीही त्यांना बघून तोंडावर हात धरायच्या. मी शिक्षिका होते, मी त्यांना गप्प करायला हवं होतं. केलं नाही. मला ते ऐकायला आवडायचं.

एकदा ते शाळेत आले. तोवर मी स्वतः मोठ्या बाईंच्या खुर्चीत होते. काठी टेकत आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बाई, आता पुरे करा. नातवंडं विचारतात."

मी खणातून माझा दाखला काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि पेन दिलं. "तुमच्या ओळीखाली जागा आहे," मी म्हणाले. "काय घडलं ते लिहा आणि सही करा. शेरा लिहायचा अधिकार तुमचा. मी हा कागद बाजारात प्रत्येक दुकानात दाखवीन."

त्यांनी दाखला हातात घेतला. बराच वेळ वाचत राहिले, इतका छोटा कागद वाचायला लागतो त्याहून बराच जास्त. पेनाचं टोपण काढलं. मग टोपण परत लावलं, दाखला टेबलावर ठेवला आणि काठी घेऊन उठले. ते गेले तेव्हा रस्सीसाहेबच होते. मी मयतीला गेले नाही.

तुमची आई इथे थांबेल आणि म्हणेल की आजीने माफ करायला हवं होतं. तिला वाचत राहायला सांगा. ज्या जागी एक मुलगी रसायनशास्त्र शिकायला जाऊ शकली असती, तिथे एक ओळ होती, आणि ती ओळ खोटी आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. एक सही करायला त्यांच्याकडे चाळीस वर्षं होती.

मी खुर्चीत होते तोवर दर सुट्टीत मुली उमेदवारीला पाठवल्या: दवाखान्यात, पोस्टात, छापखान्यात. बाईंच्या सात सूचना तशाच ठेवल्या. खाली लाल शाईने माझी आठवी घातली, आणि ती मुलींसाठी नव्हती: उमेदवाराने लिहिलेले काही वगळायचे असल्यास, वगळणाऱ्याने ते स्वतःच्या हाताने, कारण व सही देऊन लिहावे. तो कागद मी आधी ऑफिसच्या साहेबांच्या सहीसाठी पाठवत असे. काहींनी सही केली नाही. तिथे मी मुली पाठवल्या नाहीत. एका बॅंकेच्या मॅनेजरने विचारलं, इतका अविश्वास कशाला? मी त्याला दोर दाखवला.

तेव्हा मोठीसाठी एवढंच. सोमवारी जा. त्या दोन ओळी होत्या तशा पुन्हा लिही, तारीख घाल, तुझी सही कर. साहेब म्हणाले काढ, तर वही त्यांच्यापुढे ठेव आणि कारण त्यांच्याच हाताने लिहून माग. आवाज चढवू नकोस. त्यांनी लिहिलं तर तुला काही करायचं उरत नाही. नाही लिहिलं, तर त्यांनी लिहिलं नाही हे लिही. मला फोन कर.

बाईंचा कागद, तो दाखला आणि अंबाडीचा दोर माझ्या लोखंडी कपाटात खालच्या खणात आहेत. दोराच्या साठच्या साठ गाठी शाबूत आहेत.